आधी वाट मोजा, मग पार्किंग द्या

महोदय,

गेल्या वर्षी एका रात्री दोनच्या सुमारास माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका लगेच आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत दुतर्फा गाड्या लागलेल्या होत्या. चालकाने खाली उतरून पहिल्या चार गाड्यांचे आरसे दुमडले, गाडी थोडी पुढे घेऊन पाहिली आणि मान हलवली. शेवटी आम्ही चौघांनी वडिलांना खुर्चीत बसवले आणि ती खुर्ची उचलून दोन रांगांच्या मधून रुग्णवाहिकेपर्यंत नेली. वाटेत एका गाडीला धक्का लागला, तिचा भोंगा सुरू झाला आणि तो आम्ही रुग्णालयाच्या वाटेला लागेपर्यंत वाजत होता.

वडील वाचले. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गल्ली मोजली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ६ मीटर. साधी चारचाकी आरशांसकट जवळपास २ मीटर जागा घेते. दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे ४ मीटर वजा केले की मध्ये उरतात २. रुग्णवाहिकेला आरशांसकट याहून जास्त जागा लागते. अग्निशमन दलाचा बंब तर नुसता उभा राहायलाच अडीच मीटर घेतो. त्याची दारे उघडायची, पाइप ओढायचे म्हटले तर साडेतीन मीटरच्या पुढेच हिशोब जातो.

मला सर्वात जास्त अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. त्या रात्री गल्लीतल्या एकाही गाडीने नियम मोडलेला नव्हता. नो पार्किंगचा फलक नाही, कोणी फाटक अडवले नाही, कोणी कोपऱ्यावर गाडी लावली नाही. ज्यांच्या गाड्या होत्या त्यांच्यातलेच दोघे खुर्चीला हात लावायला धावले होते. म्हणून ‘लोकांना शिस्त नाही’ हे नेहमीचे उत्तर मला आता पटत नाही. चूक नियमातच आहे. जिथे मनाई लिहिलेली नाही तिथे गाडी लावायला मोकळीक, असे धरून आपण चालतो. खरे तर उलटे हवे. आधी रस्त्यावरून काय काय जायला हवे ते ठरवा, त्याची रुंदी राखून ठेवा, आणि उरेल तेवढेच पार्किंगला द्या. ६ मीटरच्या रस्त्यावर एका बाजूला गाड्या लावू दिल्या तर ४ मीटर मोकळे राहतात आणि बंबही आत येतो. रस्ता साडेपाच मीटरच असेल तर एक बाजूही देता येत नाही. हे ठरवायला सल्लागार कशाला हवेत? टेप पुरते.

आता सम-विषम तारखांचा नियम घ्या. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. झाडलोटीसाठी आणि दोन्ही बाजूंच्या घरांना सारखे वागवण्यासाठी तो चांगलाच आहे. पण अरुंद गल्लीत त्याची अडचण रात्री बाराला सुरू होते. सगळे लोक गाडी हलवायला त्या वेळी उठत नाहीत. जे हलवतात त्यांच्या गाड्या एका बाजूला, जे झोपलेले असतात त्यांच्या दुसऱ्या बाजूला, आणि नेमका मध्यरात्रीनंतर रस्ता बंद. शिवाय ३१ तारीख विषम आणि १ तारीखही विषम, म्हणजे महिना बदलताना सलग दोन दिवस एकच बाजू अडते. अरुंद रस्त्यांवर बाजू कायमची ठरवून टाकावी आणि तसे पट्टे मारावेत.

यावर कोणीही विचारेल, आणि रास्तच विचारेल, की मग उरलेल्या निम्म्या गाड्या कुठे न्यायच्या? माझ्याकडेही गाडी आहे आणि ती रस्त्यावरच उभी असते, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे. जपानने त्याचे उत्तर १९६२ च्या कायद्यात दिले. गाडी नोंदवण्याआधी ती ठेवायला स्वतःची किंवा भाड्याची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यायचा, आणि ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी. रस्त्यावर एकाच ठिकाणी दिवसा १२ तासांहून किंवा रात्री ८ तासांहून जास्त वेळ गाडी ठेवायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. गाडी घेणाऱ्याने जागेचा विचार गाडी घेण्यापूर्वीच करावा, एवढाच त्याचा अर्थ. हे एका रात्रीत सगळीकडे होणार नाही, आणि जुन्या गाड्यांना तर मुळीच लावता येणार नाही. पण नव्या गाडीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे? जुन्यांसाठी शाळांची मैदाने आणि कार्यालयांचे वाहनतळ आहेत. ते रात्री रिकामे पडलेले असतात. पालिकेने मध्यस्थी करून ते वाजवी भाड्याने खुले करून द्यावेत.

बाजारपेठेची गोष्ट वेगळी. तिथे गाडी रात्रभर नव्हे, अर्धा तास उभी राहते आणि तेवढ्यासाठी माणूस चार फेऱ्या मारतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी विद्यापीठाजवळच्या पंधराएक चौकांच्या एका छोट्या व्यापारी भागात हे मोजले होते. नुसती मोकळी जागा शोधत फिरण्यात तिथल्या गाड्या वर्षाला सुमारे साडेनऊ लाख मैल धावत होत्या. त्यांचा उपाय असा होता की रस्त्यावरच्या पार्किंगचे शुल्क एवढे ठेवावे की प्रत्येक पट्ट्यात एकदोन जागा नेहमी मोकळ्या राहाव्यात, आणि जमा झालेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च व्हावा. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. भरलेल्या पैशातून आपल्याच दारासमोरचा फूटपाथ नीट झालेला दिसला, तर शुल्काला होणारा विरोध बराच ओसरेल.

फूटपाथचा विषय निघालाच आहे, तर त्यावर गाडी चढवणे ही सवलत नाही, हे एकदा स्पष्ट लिहिले जावे. लंडनने १९७४ मध्येच फूटपाथवरच्या पार्किंगला मनाई केली. स्कॉटलंडने २०१९ मध्ये त्यासाठी कायदा केला. काठी टेकत चालणारा अंध माणूस किंवा बाबागाडी घेऊन निघालेली आई फूटपाथ अडला की रस्त्यावर उतरते, आणि मागून येणाऱ्या वाहनाला ती ऐनवेळी दिसते. कोपऱ्यांचेही तसेच. वळणापासून काही मीटर मोकळे ठेवण्याचा नियम असतो, पण पट्टे पुसले गेलेले असतात आणि फलक झाडाच्या फांदीआड गेलेला असतो. मग एखाद्या दिवशी टोइंगची गाडी येते, चार वाहने उचलते आणि पुढचे दोन महिने फिरकत नाही. अशा कारवाईने कोणालाच धाक वाटत नाही, फक्त ज्याची गाडी गेली त्याला अन्याय झाल्यासारखे वाटते. दंड छोटा असला तरी चालेल, पण तो दर वेळी झाला पाहिजे.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. प्रत्येक प्रभागातल्या रस्त्यांची रुंदी आणि तिथे दिलेले पार्किंग, ही यादी आपल्या वार्ताहरांनी पालिकेकडे मागावी आणि छापावी. ज्या गल्लीत गाड्या लागल्यावर साडेतीन मीटरही उरत नाहीत, तिच्यापुढे तसे लिहावे. आमच्या गल्लीचा आकडा मी संबंधित कार्यालयाला दोनदा लेखी कळवला आहे. उत्तर अजून आलेले नाही. वडील पुन्हा चालायला लागले आहेत, आणि रोज संध्याकाळी त्याच दोन रांगांच्या मधून फिरायला जातात.

आपला,
एक वाचक