ब्रोनेइरियनचं छप्पर समजावून दिल्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

जुन्या बंगल्यांची डागडुजी करणाऱ्या आम्हा मंडळींना तुमच्या वेल्सहून आलेल्या टिपणांचा फार उपयोग झाला. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

पोविस परगण्यातल्या लानडिनम गावची ब्रोनेइरियन ही व्हिला तुम्ही निवडलीत, हे उत्तम केलंत. १८६४ साली ती बांधणारा डेव्हिड डेव्हिस मुळात लाकूडकाप्या. करवतीच्या खड्ड्यावर उभं राहून वरचं टोक धरणारा. १८४६ मध्ये गावच्या लोखंडी पुलाचं पायाचं काम त्याने केलं, मग रेल्वेची कंत्राटं, कोळसा आणि शेवटी १८८९ मध्ये सुरू झालेली दक्षिण वेल्समधल्या बॅरी बंदराची गोदी. पण तुम्ही घराची हकिकत मालकापासून नाही, करांपासून सुरू केलीत. स्लेटवरचा, म्हणजे छपरावर घालायच्या दगडी पाट्यांवरचा कर १८३१ मध्ये उठला, काचेवरचा १८४५ मध्ये, विटांवरचा १८५० मध्ये, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. त्या काळातल्या घरांना मोठ्या काचा आणि ऐसपैस खिडक्या का परवडू लागल्या, ते या चार सालांत कळतं. त्यात १८५९ मध्ये रेल्वे गावातून गेली आणि लांबचा माल दाराशी आला.

खरी मेख छपरात आहे, हे तुमच्यामुळे उमगलं. इटालियन धाटणी म्हणजे कमी उतार, लांब वळचण, वळचणीखाली आधाराचे ब्रॅकेट. इटलीच्या उन्हाला हे शोभतं, वेल्सच्या पावसात ही हौसच. आणि हौसेला मोल नाही! उतार जितका कमी, तितकं पाणी स्लेटच्या फटीतून वर चढतं. म्हणून लॅप, म्हणजे तिसऱ्या ओळीची खालची कड पहिल्या ओळीच्या डोक्यावर जितकी चढते ते अंतर, वाढवावा लागतो. २० बाय १० इंची स्लेटला ३ इंच लॅप दिला तर रीपांमधलं अंतर (२० - ३) ÷ २, म्हणजे साडेआठ इंच. ४ इंच दिला तर ८ इंच. चौरस मीटरला १९ ऐवजी २० स्लेट लागतात, एवढाच काय तो जादा खर्च. तो वाचवायला जाणारा कंत्राटदार आपल्याकडेही भेटतो.

स्लेट शंभर वर्षं सहज टिकते, आधी जातो तो खिळा. लोखंडी खिळा गंजून फुगतो, डोकं तुटतं आणि स्लेट घसरते, म्हणून तांब्याचा खिळा. बोटाच्या पेराने स्लेटवर टकटक करायची, खणखणीत वाजली तर चांगली, बद्द आवाज आला तर बाद, ही तुमची परीक्षा आमच्या पोरांनी लगेच उचलली. एखादीच स्लेट बदलायची असेल तर कापायचं चपटं हत्यार आत सरकवून जुने खिळे तोडायचे, खालच्या दोन स्लेटच्या सांध्यातून रीपेवर शिशाची इंचभर रुंद पट्टी ठोकायची, नवी स्लेट वर सरकवायची आणि पट्टीचं टोक वळवून तिची खालची कड धरायची. शेजारच्या स्लेटला हातही लागत नाही.

भिंतींबद्दल तुम्ही थोडक्यात सांगितलंत, पण तेच जास्त झोंबलं. चुन्याच्या दरजा खरवडून सिमेंट भरलं की भिंतीतलं पाणी दगडातूनच बाहेर पडू पाहतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. महाबळेश्वरच्या जांभ्याच्या भिंतींवर हाच उपद्व्याप सर्रास चालतो.

एक विचारायचं राहिलं. छपराच्या दोन उतारांमधल्या पन्हळीत शिशाचा पत्रा सलग लांब घातला की ऊन-थंडीने ताणून फाटतो, हे तुम्ही लिहिलंत. पण तुकडे केल्यावर दोन तुकड्यांच्या मधली पायरी किती उंच ठेवायची? सवड झाली की एक रेखाटन पाठवा, मापांसकट.

आपली,
जुन्या वास्तूंच्या कामातली मंडळी