रेनकोटमधला माणूस कोण, हे तुमच्या सबटायटलनेच सांगून टाकलं

सातारा
दि. २२ जुलै २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय : आपल्या मराठी थरारपटातील सबटायटलची चूक, आणि ओघाने त्या चित्रपटाबद्दल.

स. न. वि. वि.

मी आपल्या ओटीटी अ‍ॅपची तीन वर्षांची वर्गणीदार आहे. ग्राहक क्रमांक, चित्रपटाचं नाव आणि दोन स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. चित्रपटाचं नाव पत्रात घेत नाही. त्याची जाहिरात तुम्ही पुरेशी केली आहे.

रविवारी सकाळी तुमच्या मदत-चॅटवर ही तक्रार लिहिली होती. उत्तर आलं, 'अ‍ॅप काढून पुन्हा टाका.' नातीने काढलं, पुन्हा टाकलं. चूक होती तिथेच आहे. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे शनिवारी रात्री सगळे मिळून रहस्यपट बघतात. आमचे हे, मी, आमच्या वन्सं आणि अकरावीतली नात. वन्सं चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. कानाला मशीन आहे, पण टीव्हीचा आवाज त्यांना नुसता गोंगाट वाटतो, म्हणून खाली अक्षरं लावावी लागतात. मराठी चित्रपटाला मराठीतच सबटायटल, तेही दाराचा आवाज, पावलांचा आवाज असं सगळं लिहून देणारे तुम्ही विरळाच, आणि गेल्या वर्षी तुम्हाला तसं कौतुकाचं ईमेलही मी पाठवलं होतं. तेव्हाही उत्तर आलं नव्हतं, असो.

आमचा एक नियम आहे. चित्रपट अर्धा तास झाला की थांबवायचा. प्रत्येकाने चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव लिहायचं, खाली एका ओळीत कारण, आणि घडी घालून कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. ज्याचं चुकेल त्याने रविवारचा चहा करायचा. दोन वर्षांत यांनी इतका चहा केलाय की आता त्यांना तो चांगला जमतो.

१९ जुलैला तुमचा चित्रपट लावला. महाबळेश्वरचा जुना बंगला, धो धो पाऊस, मोठ्या भावाचा खून, घरात अडकलेली सात माणसं. भडंगाची परात मध्ये ठेवलेली. अर्ध्या तासाला चिठ्ठ्या पडल्या, पुन्हा सुरू केलं. चौतिसाव्या मिनिटाला वीज जाते आणि काळ्या रेनकोटातला, टोपी नाकापर्यंत ओढलेला एक माणूस खिडकीबाहेर येऊन उभा राहतो. चेहरा दिसत नाही. संगीतही बंद. नुसता श्वास ऐकू येतो. बरं घेतलंय ते दृश्य, उगाच का नाही म्हणा.

आणि वन्सं मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हा माधव एवढ्या पावसात बाहेर काय करतोय?"

आम्ही तिघेही त्यांच्याकडे बघायला लागलो. खाली अक्षरं होती : [माधव जोरात श्वास घेतो].

त्यांना वाटलं, आम्हा सगळ्यांना ते ठाऊकच आहे. ऐकू येणाऱ्यांना आवाजावरून कळलं असेल, आपल्याला वाचून कळलं, इतकाच त्यांचा हिशेब. तुमच्या दिग्दर्शकाने जे नाव एक तास अठ्ठावन्नाव्या मिनिटापर्यंत झाकून ठेवलं होतं, ते आपण फोडलं हे लक्षात आल्यावर त्या अशा वरमल्या की उठून आत जायला निघाल्या. "मी उगाच बोलले गं, तुमचा सगळा विरस केला." चूक तुमची आणि माफी मागतायत आमच्या वन्सं.

मी लहान असताना गावातल्या वाचनालयातून रहस्यकथा आणायची. त्यात कुणीतरी टवाळाने तिसऱ्या-चौथ्या पानावर समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं, 'खुनी = माळी.' त्या टवाळाला निदान ठाऊक तरी असायचं की आपण काय करतोय. लंडनमध्ये एक रहस्यनाटक १९५२ साली रंगमंचावर आलं, ते आजही चालू आहे, आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की शेवट बाहेर सांगू नका. लोक ऐकतात. तुम्ही मात्र ज्या बाईला ऐकू येत नाही, तिच्या एकटीच्या कानात नाव सांगितल्यासारखं केलं.

दुरुस्ती अगदी साधी आहे. चेहरा दिसत नसेल तिथे [रेनकोटमधला माणूस] किंवा नुसतं [श्वासाचा आवाज] लिहायचं. सबटायटल करणाऱ्याला पूर्ण संहिता मिळते, त्यात नाव असतं, त्याने ते उचललं, एवढंच झालं असणार. पण नंतर कुणीतरी एकदा चित्रपट सबटायटलसकट बघायला नको का? मी मोजलं, उलगड्याच्या आधी अशा पाच जागा आहेत. मिनिटं आणि सेकंद सोबतच्या कागदावर लिहिले आहेत. एके ठिकाणी फोनवर घोगऱ्या आवाजात धमकी येते तिथे [माधव, आवाज बदलून] असं आहे. यावर मी काय बोलणार?

मुख्य तक्रार ही. पण त्या रात्री आम्ही आणखी एक गोष्ट केली, ती सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. वन्संना बरं वाटावं म्हणून नात म्हणाली, "आत्या-आजी, थांब, खोका उघडू या." चार चिठ्ठ्या. चौघांच्याही चिठ्ठीवर माधव. वन्संचीसुद्धा, आणि ती त्यांनी खिडकीचं दृश्य येण्याआधी लिहिलेली. खाली त्यांच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात कारण : 'एवढा मोठा नट एवढ्याशा कामाला कशाला घेतील?'

दोन वर्षांत पहिल्यांदा रविवारचा चहा कुणी करायचा हा प्रश्न पडला.

म्हणजे सबटायटलने फोडलं नसतं तरी फुटण्यासारखं तिथे काही नव्हतं. खराब चित्रपट ही काही सेवेतली त्रुटी नाही, हे मला कळतं. मी सत्र न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखिका होते, कुठली तक्रार कुठे चालते हे थोडंफार समजतं. त्याबद्दल पैसे परत मागत नाही. पण तुम्ही दर चित्रपटाखाली अंगठा वर की खाली एवढंच विचारता, आणि माझं म्हणणं अंगठ्यात मावत नाही.

पहिल्या दहा मिनिटांतच माधव, म्हणजे घरचा डॉक्टर मित्र, सगळ्यांशी गोड बोलतो, कुत्रा त्याच्यावर भुंकतो, आणि कॅमेरा त्याच्या मनगटावरच्या जखमेवर येऊन थांबतो. पुढे ती जखम आणखी दोनदा दाखवली. मग धाकटी सून म्हणते, "तुमच्या मनगटाला लागलंय." प्रेक्षक हातात मोबाइल घेऊनच बसलेला असतो, त्याचं लक्ष नसतं, म्हणून सगळं तीन-तीनदा सांगायचं, असा बहुधा तुमच्याकडे हिशेब असावा. आमच्या घरी मोबाइल शनिवारी टीव्हीच्या मागे उलटे ठेवतात. ज्याचं लक्ष आहे त्याने काय करायचं?

खुनी आधी कळला म्हणून सगळं संपतं असंही नाही. थरारपटांचे दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा आणि टेबलापाशी बसलेल्यांना गप्पा मारू द्या, की पंधरा मिनिटं जीव टांगणीला. तुम्ही तिसराच प्रकार काढलात. बॉम्ब आम्हाला स्वच्छ दिसतोय, आणि तुम्ही दोन तास त्यावर टेबलक्लॉथ ओढत बसलाय.

आता महाबळेश्वर. ते आमच्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे इथे मी जरा जास्त बोलणार. गोष्ट जुलैतली. पडद्यावर सतत पाऊस, आणि मध्येच एका गाण्यात नायिका शेतात स्ट्रॉबेरी खुडते. पावसाळा सरल्यावर तिथे स्ट्रॉबेरीची रोपं लावतात आणि फळ थंडीत येतं. हे दृश्य दोनच मिनिटांचं आहे, सोडून देऊ. पण खुनाचं वेळापत्रक सोडता येत नाही. माधव रात्री ११ वाजता पुण्याच्या हॉस्पिटलात आहे, तिथे नर्सने त्याला पाहिलंय, सीसीटीव्हीत तो दिसतोय. खून ११.५० ला महाबळेश्वरात. पुणे ते महाबळेश्वर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये पसरणीचा घाट, जुलैतली रात्र, धुकं असं की गाडीचं बॉनेट दिसलं तरी नशीब. दिवसाउजेडी तीन तास धरा. तुमच्या इन्स्पेक्टरांना हे अंतर एकदाही आठवत नाही. वाईतलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल की हा माणूस तिथे पोचूच शकत नाही. तुमच्याच कथेप्रमाणे माधव निर्दोष आहे!

आणि शेवट. कड्याच्या टोकाला माधव इन्स्पेक्टरसमोर उभा राहून अकरा मिनिटं सगळं सांगतो. कसं मारलं, का मारलं, रेनकोट कुठे जाळला. इन्स्पेक्टर ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतात, हसतात आणि म्हणतात, "केस बंद." मी हसले ते त्यांच्या आधी. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. त्या कबुलीतून एखादी वस्तू हस्तगत झाली तर तेवढ्यापुरता भाग वापरता येतो. रेनकोट तर जाळलेला. हस्तगत काय करणार, राख? अशी केस आमच्या कोर्टात आली असती तर बचावाच्या वकिलांनी उलटतपासणीत चार प्रश्न विचारले असते आणि माधव जेवायच्या सुट्टीच्या आत मोकळा झाला असता.

खरा थरार तिथून सुरू होत होता, हे मला मनापासून वाटतं. इन्स्पेक्टरला खुनी माहीत आहे, खुन्यानेच सांगितलंय, आणि हातात सिद्ध करण्यासारखं काही नाही. आम्ही चौघेही ते जागून बघितलं असतं, चिठ्ठ्या न टाकता. मी साक्षी लिहून घेताना असे क्षण पाहिलेत. सगळ्या दालनाला ठाऊक असतं, पंचाने पंचनाम्यावरची स्वतःची सही ओळखायला नकार दिलेला असतो, आणि पंख्याचा आवाज तेवढा येत असतो. तुमच्या चित्रपटात एवढा मोठा कडा होता, पण असा एक क्षण नव्हता.

एक बारकं राहिलं. एफआयआरचा कागद तुम्ही पडदाभर दाखवलाय. तारीख ११ जुलै २०२४, कलम भा. दं. वि. ३०२. बोलताना अजून सगळे तीनशे दोनच म्हणतात, त्याचं काही नाही. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३ लागतं. त्या दिवसांत माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी टेबलाच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता सरकवून ठेवला होता आणि दर वेळी बोट फिरवत नंबर शोधत होते. तुमच्या हवालदाराला तसं नुसतं बोट फिरवताना दाखवलं असतं, तरी मला बाकी पुष्कळ काही माफ करावंसं वाटलं असतं.

आता मागणी.

त्या पाचही जागची सबटायटल दुरुस्त करावीत आणि तुमच्या इतर रहस्यपटांचीही याच नजरेने तपासणी व्हावी. नातीने दुसरा एक चित्रपट लावून बघितला, तिथेही पडद्यामागचा आवाज नावानिशी लिहिला आहे. स्क्रीनशॉट क्रमांक २ पाहावा. तसंच पहिल्या पानावरच्या चौकोनात या चित्रपटासाठी जो फोटो लावलाय, त्यात माधव हातात काळा रेनकोट घेऊन उभा आहे. तो बदलावा. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते मला जाणून घ्यायचं नाही.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. त्याच नियमांसोबतच्या आचारसंहितेत अपंग व्यक्तींना कार्यक्रम नीट पाहता यावेत अशा सोयी शक्य तितक्या वाढवाव्यात, असंही आहे. मी ही तक्रार त्याखाली करते आहे. चित्रपट वाईट आहे याखाली नव्हे. १५ दिवस म्हणजे ६ ऑगस्ट. तोवर थांबेन, पुढचं पत्र वरच्या पायरीवर जाईल. आणि कृपया अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगू नये.

आपली,
एक वार्षिक वर्गणीदार
(निवृत्त लघुलेखिका, सातारा)

सोबत : १) पाच जागांची मिनिटवार यादी २) दोन स्क्रीनशॉट ३) चार चिठ्ठ्यांचा फोटो

ता. क. : या शनिवारी काय बघायचं असं वन्संना विचारलं तर म्हणाल्या, "काहीही लावा. फक्त ती खालची अक्षरं बंद ठेवा, मी नुसती चित्रं बघेन." शनिवार २६ तारखेला आहे. ६ ऑगस्टची वाट न पाहता त्याआधी काही करता आलं, तर पाहावं.