वहिनी, त्या एका फोनबद्दल

प्रिय वहिनी,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय मिटवता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आमच्या गावात शाळा एकच, वर्गही एका इयत्तेला एक. लेक तीन वर्षांची झाली तरी तिचं बोलणं घराबाहेर कुणाला कळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, घरात मराठी बंद करा. तुम्ही मात्र ठणकावलंत, "मराठी सोडायची नाही. आधी एईएला फोन लाव. पैसे पडत नाहीत."

एईए म्हणजे एरिया एज्युकेशन एजन्सी, एवढंही मला ठाऊक नव्हतं. छोट्या शाळांना वाचा-उपचारतज्ज्ञ स्वतःच्या पगारावर ठेवणं झेपत नाही, म्हणून राज्याने १९७४ च्या कायद्याने या विभागीय संस्था उभ्या केल्या. सुरुवातीला १५ होत्या, आता ९ आहेत. माझी शंका वेगळीच: फुकट मिळणारं कितपत धड असणार? तेव्हा तुम्ही या एजन्सींच्या सरकारी मान्यतेचं सगळं प्रकरण उलगडलंत. शिक्षण खातं कागद तपासतं, शिवाय पथक प्रत्यक्ष पाहणीला येतं. उणिवा निघाल्या तर सुधारणेचा आराखडा, तरी जमलं नाही तर मान्यता काढून ती सेवा दुसऱ्या एजन्सीच्या सेवेत विलीन करायची किंवा दुसऱ्या संस्थेकडून करून घ्यायची तरतूद. मी त्याच दिवशी फोन केला.

तज्ज्ञबाई चाचणीला घरी आल्या. लेकीने चमच्याचं चित्र पाहून "चमचा" म्हटलं आणि त्यांनी चुकीची खूण केली! दंततालव्य च, म्हणजे 'त्स'च्या जवळचा, त्यांच्या कानाला बोबडा वाटला. तुम्ही शेजारीच होतात. चमच्यातला च वेगळा, चहातला वेगळा, हे दोन्ही म्हणून दाखवलंत, मग चूल, चाक, चिमणी, चिंच अशी यादीच करून दिलीत. बाईंनी खूण खोडली आणि ती यादी फाइलला लावली. खरी अडचण र आणि क मध्ये होती, दोन्ही भाषांत. उपचार त्याचेच झाले.

२०२४ मध्ये कायदा बदलला, एजन्सींच्या निधीची आणि देखरेखीची घडी नव्याने बसली. ते बरं झालं की वाईट, यावर आपलं काही जमत नाही. तो वाद समोरासमोरच घालू.

लेक आता बालवाडीत सगळ्यांचं डोकं खाते. आणि हो, दिवाळीच्या कार्यक्रमात नव्याने आलेल्या एका घराला मी तुमचा नंबर देऊन टाकलाय. विचारलं नाही, रागावू नका.

तुमची,
पलीकडच्या गावातली