येकातेरिनबुर्गचे दोन दिवस

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मॉस्कोहून बैकालकडे जाताना येकातेरिनबुर्गला उतरायचे नाही, असे तू ठरवल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. निर्णय तुझा आहे. पण तिथल्या माझ्या दोन दिवसांविषयी तुला कधी नीट सांगितले नव्हते, ते आता सांगतो.

पुढची गाडी दोन दिवसांनी होती, एवढ्याच कारणाने मी उतरलो. जानेवारीतला पारा उणे 24 वर होता, रस्त्याकडेच्या बर्फावर काजळी साचली होती आणि पहिल्या तासाभरात ते शहर मला मुळीच आवडले नाही. मग चालत इसेत नदीवरच्या बंधाऱ्यापाशी पोचलो. 1723 साली लोखंडाच्या कारखान्यासाठी ही नदी अडवली, साठवलेल्या पाण्याच्या जोरावर भाते आणि घण चालू लागले आणि त्यांच्याभोवती शहर वाढत गेले. बंधाऱ्यात लार्चचे लाकूड वापरले, कारण ते पाण्याखाली सहसा कुजत नाही. ज्याने आयुष्य भट्टीसमोर काढले, त्याला हे पाहून काय वाटले असेल, ते तुला कळेल. तलाव गोठला होता आणि बर्फाला भोक पाडून एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांची भाषा मला येत नव्हती. मी तळहातावरचे भाजल्याचे जुने डाग दाखवले, तेव्हा त्यांनी हातमोजा काढून आपलेही दाखवले.

झारच्या कुटुंबाला 1918 मध्ये जिथे ठार मारले, तिथले चर्चही पाहिले; प्रवासी बहुधा त्यासाठीच थांबतात. माझे मन मात्र दुसऱ्या दिवशी उरालमाशच्या वस्तीत रमले. 1933 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात इतर कारखान्यांची अवजड यंत्रे तयार होत आणि महायुद्धात तिथे टी-34 रणगाडेही बनले. कामगारांच्या घरांच्या डोक्यावर पांढरा जलमनोरा उभा आहे. पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसांची ती थकलेली, मोकळी चाल मी ओळखली; ती माझीच होती.

उतरलीसच, तर जानेवारीत तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो, त्याआधी बंधाऱ्यावर जा. लोकरीचे दोन मोजे मावतील असे बूट घे, आणि मला तिथूनच पत्र लिही.

तुझे,
बाबा