वरणाचं पाणी आणि तळाची डाळ: आमच्या सिस्टरना पत्र

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ज्यांच्या घरी कुणी जखम घेऊन पडून आहे, त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जुलैच्या भर पावसात तुम्ही कळव्याहून पहिल्यांदा आमच्या नौपाड्यातल्या घरी आलात. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खुब्याच्या ऑपरेशनला तेव्हा पाच आठवडे झाले होते. हाड जुळत होतं, पण पडून पडून माकडहाडापाशी जखम झाली होती. 5 सेंटीमीटर लांब, 4 रुंद. मलमं बदलून झाली, एअर बेड आणला, मी आणि नवरा आळीपाळीने रात्री उठून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत होतो. तरी जखम फिकट ती फिकटच, आणि गॉझ रोज भिजलेला.

तिसऱ्या खेपेला ड्रेसिंग उरकून तुम्ही हात धुतलेत आणि निघता निघता ओट्यापाशी थांबलात. आईंचं ताट वाढलेलं होतं. मऊ भात, त्यावर तूप, दुधीची भाजी आणि वाटीत वरण. तुम्ही वाटीत चमचा फिरवून वर उचललात. नुसतं पिवळं पाणी. "डाळ कुठेय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, तळाशी, कुकरच्या भांड्यात. "मग ती कोण खातं?"

आम्ही खात होतो, सिस्टर. आईंना पचायला हलकं हवं म्हणून मी रोज वरचं पाणी त्यांना काढून ठेवत होते आणि घट्ट डाळ आम्हा धडधाकट माणसांच्या पानात जात होती. ती वाटी मला अजून दिसते.

आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर जेवणाबद्दल दोनच शब्द होते, 'नॉर्मल डाएट'. बाकी सगळं फोनवरून कळत होतं. डाळीने पू धरतो, आंबटाने जखम चिघळते, दह्याने कफ होतो. सांगणारे सगळे काळजीपोटीच सांगत होते. असं एकेक करत आईंच्या पानात भात आणि साबुदाण्याची खीर तेवढी उरली होती.

त्या दिवशी तुम्ही स्टुलावर बसून अर्धा तास समजावलंत. पू होतो जंतूंमुळे, डाळीमुळे नाही. जखम भरायची म्हणजे तिथे नवं मांस, नवी कातडी तयार व्हायची आणि ती प्रथिनांतूनच घडते. शिवाय गॉझ भिजवणाऱ्या त्या पाण्यातूनही प्रथिनं बाहेर जातात. खाण्यातून मिळाली नाहीत तर शरीर दंड-मांड्यांचे स्नायू मोडून ती उभी करतं. आईंचे दंड का सुकत चाललेत, ते मला तेव्हा कळलं.

मग तुम्ही कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडलात. आईंचं वजन 48 किलो. निरोगी माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे त्यांना एरवी 40 ग्रॅम प्रथिनं पुरली असती. अशा जखमेला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम लागतात, म्हणजे 60 ते 72. त्यांच्या पोटात जात होती जेमतेम 25. आणि लगेच काही सुरू करू दिलं नाहीत. "आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते तेच ठरवतील," म्हणालात. तो फोन तुमच्यासमोरच करायला लावलात.

एका अंड्यात 6 ग्रॅम, असं तुम्ही म्हणताच आईंनी हात जोडले. तुम्ही अंड्याचा विषय पुन्हा काढला नाहीत. आमच्याच डब्यांतून उत्तर शोधलंत, याचं मला फार मोल वाटतं. सकाळी मुगाची दोन धिरडी. जेवताना घट्ट वरण आणि वाटीभर दही. चार वाजता फुटाण्याचं पीठ दुधात कालवून, गूळ घालून. रात्री पिठलं. कणकेत सोयाबीनचं पीठ, भाजीत कुस्करलेलं पनीर. 50 ग्रॅम पनीर म्हणजे 9 ग्रॅम तरी आलीच. एकदम जात नाही, तर पाच-सहा वेळा थोडं थोडं. तूप मात्र बंद करू नका म्हणालात, कारण पोटाला पुरेसं मिळालं नाही तर प्रथिनंच जळणात जातात.

गुरुवारचा उपवास आई सोडणार नव्हत्या. साबुदाण्यात नुसता स्टार्च, म्हणून तुम्ही राजगिरा, दाण्याचं कूट आणि दूध सुचवलंत. राजगिऱ्याची लापशी त्यांना आवडली आणि उपवासही राहिला. 'आंबट नको' म्हणून बंद केलेला आवळा आणि पेरू मी जांभळी नाक्यावरून पुन्हा आणू लागले, कारण क जीवनसत्त्वाशिवाय नवं मांस धड विणलं जात नाही.

तुम्ही दर सोमवारी कागदी पट्टीने जखम मोजायचात. पहिले दोन सोमवार आकडा हलला नाही. मी खचले होते, तुम्ही नव्हता. चौथ्या सोमवारी मला जवळ बोलावून टॉर्च धरायला लावलात. फिकट जखमेच्या तळाशी बारीक लाल दाणे उगवले होते, डाळिंब सोलल्यासारखे. "हेच हवं होतं," इतकंच म्हणालात, आणि आवाज तुमचाही जरा हलला होता.

दिवाळीच्या आठवड्यात जखम मिटली. त्यात तुमच्या हातची ड्रेसिंग होती, कूस बदलणं होतं, एअर बेडही होता. पण हे सगळं आधीपासून चालू असताना जी जखम अडली होती, ती ताट बदलल्यावर पुढे सरकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी तुमची पुढची ड्रेसिंग खोळंबली होती, तरी तुम्ही स्टूल ओढून बसलात. मनापासून आभार, सिस्टर.

आई आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. गेल्या आठवड्यात खुर्चीत बसून त्यांनी मेतकुटासाठी डाळी स्वतः मंद आचेवर भाजल्या. एक बरणी तुमच्या नावाची भरून ठेवली आहे. इकडे ड्रेसिंगला आलात की वर या.

तुमची,
नौपाड्याची सूनबाई