राखीव पिना आणि कर्नलची वाटणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान पुरवणीत सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर, म्हणजे एकाच बोर्डावर मावणाऱ्या छोट्या संगणकावर, आलेला लेख वाचला. नवख्या वाचकाला विषयाची ओळख करून देण्याचे काम तो चांगले करतो. मात्र तक्त्यात ‘राखीव’ म्हणून दाखवलेल्या पिना (बाहेरची उपकरणे जोडण्याचे बोर्डावरचे पाय) वापरता येत नाहीत, आणि पिना कमी पडल्या तर अधिक पिनांचा बोर्ड घ्यावा किंवा विस्तारासाठी आणखी एक चिप जोडावी, हा त्यातला सल्ला जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही. अशा पुष्कळ पिना बोर्डाच्या तांब्यामुळे नव्हे, तर कर्नलने, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, बूट होताना (बोर्ड सुरू होताना) केलेल्या वाटणीमुळे अडलेल्या असतात. कर्नलचा सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, हाती असेल तर ती वाटणी बदलता येते. जिथे ती बदलू नये अशाही जागा आहेत. त्या दोन्हींविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आजच्या प्रोसेसर चिपमध्ये सिरियल पोर्ट, एसपीआय आणि आय-टू-सी (बाहेरच्या चिपांशी बोलण्याच्या पद्धती), पीडब्ल्यूएम (ठरावीक रुंदीचे स्पंद पाठवण्याची सोय), मेमरी कार्डाचा आणि पडद्याचा नियंत्रक अशी इतकी उपकरणे असतात की, प्रत्येकाला स्वतंत्र पाय देणे चिप बनवणाऱ्याला परवडत नाही. म्हणून एकाच पायामागे अनेक कामे लावलेली असतात आणि त्यांपैकी कोणते बाहेर काढायचे हे रजिस्टरमधल्या, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या जागेतल्या, काही बिटांनी ठरते. या व्यवस्थेला पिनमक्स म्हणतात. पहिल्या रास्पबेरी पाय या बोर्डावरच्या बीसीएम २८३५ या चिपमध्ये प्रत्येक पिनेसाठी असे ३ बिट आहेत. त्यांच्या ८ मूल्यांपैकी एक साध्या इनपुटचे, एक आउटपुटचे आणि उरलेली ६ पर्यायी कामांची. बीगलबोन ब्लॅकवरच्या चिपमध्ये मोड ० ते मोड ७ अशी सोय आहे आणि त्यांतला मोड ७ हा साध्या जीपीआयओचा, म्हणजे कोणत्याही कामाला लावता येणाऱ्या इनपुट-आउटपुट पिनेचा.

बीगलबोन ब्लॅकचेच उदाहरण पुढे नेतो, कारण ही गोष्ट त्यावर फार स्पष्ट दिसते. २०१३ साली आलेल्या या बोर्डाला ४६-४६ पिनांचे दोन हेडर (पिनांचे गट) आहेत. ९२ हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो, पण वीज आणि ग्राउंड यांच्या पिना बाजूला काढल्यावरही पी-८ हेडरवरच्या २७ ते ४६ या २० पिना एचडीएमआयच्या चित्राकडे, पी-९ वरच्या आणखी काही त्याच्या आवाजाकडे, आणि पी-८ वरच्या ३ ते ६ व २० ते २५ या १० पिना बोर्डावरच्या ईएमएमसी साठवणुकीकडे गेलेल्या असतात. ज्याला हा बोर्ड एखाद्या यंत्राच्या पेटीत, पडद्याविना कायमचा बसवायचा आहे, त्याला एचडीएमआयचा काडीचाही उपयोग नाही. तरीही नेहमीची इमेज (ऑपरेटिंग सिस्टीमची तयार फाइल) टाकली की बूट होताना त्या २० पिना पडद्याच्या नावे लावल्या जातात, कारण बोर्डाच्या वर्णनात तसे लिहिलेले असते.

हे वर्णन कुठे असते याला थोडा इतिहास आहे. पूर्वी एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्या सोर्समध्येच सी भाषेतल्या एका फाइलीत लिहिलेली असे, आणि पिना लावण्याची पद्धत प्रत्येक चिप उत्पादकाची निराळी असे. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर बोर्डाचे वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फाइलीत नेण्याच्या कामाला वेग आला. २०१२ च्या आरंभी आलेल्या कर्नलच्या ३.२ आवृत्तीत पिनकंट्रोल ही पिनांचा हिशेब ठेवणारी उपप्रणाली दाखल झाली. आता एखादा ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारा कर्नलचा भाग) सुरू होतो तेव्हा डिव्हाइस ट्रीत त्याच्या नावापुढे लिहिलेल्या पिना तो पिनकंट्रोलकडे मागतो आणि त्या मागणीची नोंद होते. तीच पिन नंतर दुसऱ्या कोणी मागितली तर नकार मिळतो, आणि पिन आधीपासून कोणाकडे आहे हेही कर्नलच्या लॉगमध्ये नावानिशी उमटते. कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या डीबग फाइल सिस्टीममधल्या पिनकंट्रोलच्या फोल्डरात प्रत्येक पिनेपुढे तिच्या ताबेदाराचे नाव वाचायला मिळते. राखीव पिनेच्या मागे लागणाऱ्याने पहिल्यांदा उघडावी ती हीच यादी. उत्पादकाच्या रंगीत तक्त्यापेक्षा ती अधिक विश्वासार्ह असते. काही चिपांच्या ड्रायव्हरमध्ये मात्र नकाराची सक्ती ठेवलेली नसते. तिथे दोन मालक एकाच पिनेवर बसतात आणि कोणतीही तक्रार न येता चुकीचे सिग्नल बाहेर पडत राहतात. असा दोष शोधणे उघड नकारापेक्षा कितीतरी त्रासदायक असते.

मग कर्नल पुन्हा बांधण्याची, म्हणजे सोर्सपासून नव्याने तयार करण्याची, गरज कधी पडते? पुष्कळदा ती पडतच नाही. बीगलबोन ब्लॅकच्या अलीकडच्या इमेजमध्ये बूटच्या सेटिंग फाइलीत एक ओळ चालू केली की एचडीएमआय बाद होतो. रास्पबेरी पायवर एसपीआय सुरू केल्यावर जीपीआयओ ७ आणि ८ या दोन्ही पिना चिप-सिलेक्टसाठी, म्हणजे कोणत्या उपकरणाशी बोलायचे ते निवडण्यासाठी, जातात. पण एकच उपकरण जोडायचे असेल तर एक चिप-सिलेक्टवाला ओव्हरले (डिव्हाइस ट्रीवर वरून चढवायचा छोटा बदल) निवडून जीपीआयओ ७ परत मिळवता येते. ज्याचे काम अशा एका ओळीत भागते त्याने कर्नलला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु सगळे बोर्ड इतके सोयीचे नसतात. कुठे कर्नलमध्ये ओव्हरलेची सोयच चालू केलेली नसते. कुठे डिव्हाइस ट्री कर्नलच्या इमेजलाच शेवटी चिकटवलेली असते, त्यामुळे ती बदलायची तर इमेजही नव्याने तयार करावी लागते. आणि उत्पादकाने वर्षानुवर्षे न हलवलेल्या जुन्या कर्नलमध्ये अजून ती सी फाइलच असते. सुरुवातीच्या रास्पबेरी पायच्या कर्नलमध्ये वन-वायर तापमान सेन्सरची पिन जीपीआयओ ४ अशी बोर्डाच्या फाइलीत थेट अंकाने लिहिलेली होती. सेन्सर दुसरीकडे जोडून ती पिन मोकळी करायची तर तो अंक बदलून कर्नल कंपाइल करण्यावाचून मार्ग नव्हता. पुढे तोच अंक बूटच्या वेळी देण्याचा पॅरामीटर झाला आणि डिव्हाइस ट्री आल्यावर ओव्हरलेमधली एक ओळ झाला. ज्या बोर्डांचा हा प्रवास अर्ध्यावर थांबला, त्यांच्या मालकांना आजही कंपायलर उघडावा लागतो.

आणखी एक कारण आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. चालू कर्नलमध्ये ड्रायव्हरला उपकरणापासून अनबाइंड, म्हणजे वेगळे, करता येते आणि पिन तेवढ्याने सुटतेही. पण तोवर बूट होताना त्या ड्रायव्हरने पिनेवर जे पाठवायचे ते पाठवून झालेले असते. त्या पिनेला एलईडी असेल तर तो क्षणभर लुकलुकेल, काही बिघडणार नाही. तिथे मोटार किंवा हीटर चालवणारा रिले असेल तर तो क्षणही चालणारा नाही. अशा ठिकाणी ड्रायव्हर कर्नलमधूनच वगळणे किंवा डिव्हाइस ट्रीत त्याची नोंद बंद करणे हेच योग्य. अर्थात कर्नलच्याही आधी बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) चालतो आणि तोही काही पिना लावतो, म्हणून पिनेची सुरुवातीची पातळी निश्चित ठेवणारा पुल-डाउन किंवा पुल-अप रेझिस्टर सर्किटमध्ये लागतोच. नव्या कर्नलने रेझिस्टरची गरज संपत नाही.

प्रत्यक्ष बांधणीचा बाऊ करण्याचे कारण नाही. चालू कर्नलची कॉन्फिग फाइल (त्यात काय घेतले, काय वगळले याची यादी) बऱ्याच बोर्डांवर प्रॉक या फोल्डरातून मिळते. तीच आधाराला घ्यावी, कोऱ्या मेन्यूपासून सुरुवात करू नये. मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडण्याच्या मेन्यूत ज्या ड्रायव्हरने पिना धरल्या आहेत तो शोधून वगळावा, किंवा पुढे कधी लागण्याची शक्यता असेल तर बिल्ट-इनऐवजी मॉड्यूल (लागेल तेव्हा वेगळा लोड होणारा भाग) करावा आणि आपोआप लोड होणार नाही अशी तजवीज करावी. डिव्हाइस ट्रीच्या सोर्समध्ये त्या उपकरणाच्या नोंदीतले स्टेटस ‘डिसेबल्ड’ करावे. कंपाइल करण्याचे काम शक्यतो मोठ्या संगणकावर क्रॉस-कंपायलरने (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम तयार करणाऱ्या साधनाने) करावे, कारण लहान बोर्डावर ते तासन्‌तास चालते. आवृत्तीच्या नावाला स्वतःचा एखादा प्रत्यय जोडला की नव्या कर्नलची मॉड्यूल वेगळ्या फोल्डरात बसतात आणि जुन्यांत मिसळत नाहीत. आवृत्ती जुळली नाही तर कर्नल मॉड्यूल नाकारतो आणि मग वाय-फायसारख्या गोष्टी विनाकारण बंद पडतात. जुनी इमेज पुसू नये. नवी वेगळ्या नावाने ठेवून बूटच्या सेटिंगमध्ये ते नाव द्यावे. रास्पबेरी पायवर जीपीआयओ १४ आणि १५ या पिना, म्हणजे हेडरवरच्या ८ आणि १०, सिरियल कन्सोलसाठी, म्हणजे बोर्डाचे संदेश तारेने दुसऱ्या संगणकावर पाहण्यासाठी, वापरतात. त्याही मोकळ्या करता येतात, पण सगळ्यांत शेवटी कराव्यात, कारण नवा कर्नल अर्ध्यात अडकला तर तो कुठे अडकला हे सांगणारा मार्ग तोच असतो.

याची एक किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. स्वतः बांधलेला कर्नल वितरणाच्या नेहमीच्या अपडेटमधून सुधारत नाही. सुरक्षेची दुरुस्ती आली की सोर्स पुन्हा आणणे, आपला बदल त्यावर चढवणे आणि पुन्हा बांधणे हे काम आपल्या गळ्यात पडते. नेटवर्कला जोडलेल्या बोर्डाच्या बाबतीत हे टाळता येत नाही.

आता ज्या पिनांना हात लावताना जपावे त्यांच्याकडे येतो, कारण ‘सगळे सॉफ्टवेअरच तर आहे’ ही समजूतही मूळ लेखातल्या सल्ल्याइतकीच दिशाभूल करणारी आहे. कर्नलने ताबा सोडला तरी तांब्याची जोडणी जागची हलत नाही. बीगलबोन ब्लॅकवर ईएमएमसीचा ड्रायव्हर बंद केला तरी ती चिप त्या १० पिनांवर विजेच्या दृष्टीने जोडलेलीच राहते. ती रीसेटमध्ये धरून ठेवावी लागते आणि बोर्ड मेमरी कार्डावरून बूट करावा लागतो. एचडीएमआयच्या पिनांपैकी पी-८ वरच्या ३१ ते ४६ या १६ पिना तर चिप रीसेटमधून बाहेर येताना स्वतः वाचते आणि बूट कुठून करायचे ते त्यावरून ठरवते. तिथे बाहेरच्या सर्किटने त्या क्षणी एखादी पातळी लादली तर बोर्ड सुरूच होत नाही, आणि तेव्हा कर्नलचा अजून पत्ताही नसल्याने कर्नलमधला कोणताही बदल उपयोगी पडत नाही. रास्पबेरी पायच्या जीपीआयओ २ आणि ३ या पिना आय-टू-सीमधून सोडवल्या तरी त्यांना बोर्डावरच १.८ किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर सोल्डर केलेले आहेत. पुश-बटनासाठी त्या उत्तम चालतील, नाजूक ॲनालॉग सर्किटच्या जवळपास नाही. जीपीआयओ ० आणि १ या पिनांवर वर बसवलेल्या हॅट बोर्डाची ओळख वाचली जाते आणि ते वाचन कर्नलच्या आधी फर्मवेअर करतो. आणि मोकळी झालेली पिन ३.३ व्होल्टचीच राहते. ५ व्होल्टचा सेन्सर तिला थेट जोडला तर चिप जाऊ शकते.

म्हणजे पिन मोकळी होईल का, याचे उत्तर देण्यासाठी तीन गोष्टी हाताशी लागतात: बोर्डाचा सर्किट आराखडा, कर्नलचा सोर्स आणि ज्या कॉन्फिग फाइलीने तो बांधला ती फाइल. पहिली देणे न देणे हा उत्पादकाच्या मर्जीचा भाग आहे. उरलेल्या दोन्हींचे तसे नाही. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिला जातो आणि त्या परवान्याच्या तिसऱ्या कलमानुसार बायनरी (कंपाइल केलेली तयार फाइल) वाटणाऱ्याने तिच्याशी जुळणारा संपूर्ण सोर्स, कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टसकट, उपलब्ध करून द्यावा लागतो. तरीही काही स्वस्त बोर्डांबरोबर फक्त तयार इमेज मिळते, किंवा सोर्स म्हणून दिलेल्या गाठोड्यातून ती इमेज तयारच होत नाही. अशा बोर्डावर ४० पिना छापलेल्या असल्या तरी ग्राहकाच्या हाती किती येणार हे विक्रेत्याने आधीच ठरवून टाकलेले असते.

म्हणून आपल्या पुरवणीला एक सुचवावेसे वाटते. बोर्डांच्या परीक्षणाबरोबर जो तुलनेचा तक्ता छापला जातो, त्यात प्रोसेसरचा वेग, मेमरी आणि पिनांची संख्या असते. त्यात बूट झाल्यावर किती पिनांना ताबेदार नसतो आणि उत्पादकाने दिलेल्या सोर्समधून चालणारा कर्नल बांधता आला का, हे दोन रकाने वाढवावेत. पहिला आकडा पिनकंट्रोलच्या यादीतून काही मिनिटांत मिळतो. दुसऱ्याला एखादी दुपार लागेल, पण बोर्ड विकत घेणाऱ्याला त्याचा उपयोग प्रोसेसरच्या वेगापेक्षा अधिक होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक