मेस्त्री, तो ‘टक्’ आवाज

आदरणीय मेस्त्री,

इथे जर्मनीत तुमच्या गॅरेजात तुम्हाला सगळे ‘माइस्टर’ म्हणतात. मी मनातल्या मनात मेस्त्रीच म्हणते. आमच्याकडे हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, पण दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनच, त्यामुळे फार चुकत नसावं. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. जर्मनमध्ये आभार मानायला लागले की तुम्ही हात झटकून ‘पास्ट शोन’, म्हणजे ‘ठीक आहे हो’, म्हणता आणि पुढच्या गाडीकडे वळता. म्हणून मराठीत लिहितेय. इथे मला कोणी थांबवणार नाही.

मी साताऱ्याची. गाडी शिकले ती कासच्या रस्त्यावर, भर पावसात आणि धुक्यात, त्यामुळे ग्योपिंगेनला आल्यावर रस्त्याची भीती अशी कधी वाटली नव्हती. टायरबद्दलचं ज्ञान मात्र एका वाक्याचं होतं: गोटा झाला की बदलायचा. नवऱ्याकडे लायसन्स नाही, म्हणजे घरातली ड्रायव्हर मीच. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही २०१२ सालची एक जुनी पोलो घेतली. विकणाऱ्याने डिकीत चार टायर टाकून दिले आणि वर ऐकवलं, “हिवाळी टायर माझ्याकडून भेट.” किती भला माणूस, असं मी फोनवर आईलाही सांगितलं!

नोव्हेंबरात ते टायर बसवले आणि पहिल्याच बर्फात आल्बच्या डोंगरावर एका मैत्रिणीकडे गेलो. खाली गावात नुसता पाऊस होता, वर सगळं पांढरं. येताना उताराच्या गल्लीत वेग जेमतेम वीस. ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं आणि गाडी आपली निवांत पुढे सरकत राहिली. मागून चार वर्षांची लेक आनंदाने ओरडली, “आई, घसरगुंडी!” फुटपाथच्या कडेला चाक अडलं म्हणून थांबलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे नाही, एका मोठ्या चकचकीत दुकानात गेले होते. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. तिथला माणूस पूर्ण वेळ माझ्या नवऱ्याशी बोलला. प्रश्न मी विचारायचे, उत्तरं त्याला मिळायची. नवऱ्याने दोनदा सांगितलं की त्याला स्वतःला गाडीतलं काही कळत नाही, तरी तेच. आधी रुंद टायर आणि चकाकत्या रिम दाखवल्या. परवडणार नाही म्हटल्यावर म्हणाला, मग दोनच घ्या, पुढे लावा, गाडी पुढच्या चाकांवरच चालते. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं, तर एक दादा सांगतात, “हवा थोडी कमी ठेव, ग्रिप वाढते.” दुसरे म्हणाले, “आम्ही सहा वर्षं एकाच टायरवर आहोत, काही होत नाही.” काही होत नाही, हे आपलं राष्ट्रीय घोषवाक्यच आहे.

तुमचं गॅरेज सापडलं ते लेकीच्या बालवाडीच्या मागे असल्यामुळे. तुम्ही डिकी उघडायला लावली नाही की गाडीचं कौतुक केलं नाही. सरळ पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसलात आणि माझ्याकडे दोन युरोचं नाणं मागितलंत. वाटलं, पार्किंगचे पैसे असतील. तुम्ही ते नाणं टायरच्या नक्षीत उभं खोचलंत आणि मला खाली बसवून दाखवलंत: कडेची चंदेरी पट्टी ४ मिलिमीटरची, ती बाहेर दिसली तर हिवाळ्यासाठी टायर संपला. कायदा १.६ मिलिमीटरला सोडतो, पण बर्फाने कायदा वाचलेला नसतो. (हे तुमचंच वाक्य, मी आता सगळीकडे माझं म्हणून खपवते.) पट्टी अर्धी बाहेर होती.

मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे: २३१३. म्हणजे २०१३ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या ‘भेटी’चं वय अकरा वर्षं! आणि छाप फक्त एम प्लस एस, चिखल आणि बर्फ. ती अक्षरं कंपनी स्वतःच्या मनाने छापू शकते. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, ही खूण मात्र टायर बर्फावरच्या चाचणीत उतरला तरच मिळते. नुसत्या एम प्लस एसच्या जुन्या टायरला हिवाळी टायर मानायची सवलत जर्मनीत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली होती. आमचा भला माणूस गाडी विकत होता तेव्हा त्याला हे ठाऊक नसेल, यावर विश्वास ठेवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

तुम्ही मला अंगठ्याचं नख आधी त्या टायरवर रुतवून बघायला सांगितलंत. करवंटी. मग नव्यावर. त्या गारठ्यातही नख थोडं आत गेलं. प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा होत्या. तुम्ही ठोकळा वाकवलात तशा त्या उघडल्या. बर्फ त्यांत आणि खाचांत भरतो, म्हणालात, आणि बर्फाला सगळ्यात घट्ट बर्फच धरतो. रुंद टायर नको, गाडीच्या कागदांत बसतं ते अरुंद माप घ्या, १७५/७० आर १४, साध्या लोखंडी रिमवर. आणि चारही. पुढे दोनच चांगले लावले, तर वळणावर मागची चाकं तुम्हाला ओव्हरटेक करायला बघतील. हे सगळं इथल्या श्वेबिश बोलीत, अर्धं मला कळलं नाही. पण बोलत होतात माझ्याशी. नवरा बाजूला उभा राहून लेकीला बिस्किटं भरवत होता.

पण आभार या माहितीचे नाहीत. माहिती शोधली असती तर मिळालीही असती.

शेवटचं चाक बसवताना तुम्ही चार नट आवळलेत आणि पाचव्याला थांबलात. हात चिंधीला पुसलेत, पान्याची मूठही पुसलीत, नीट, दोनदा, आणि पाना माझ्या हातात दिलात. तो लांब, जड टॉर्कचा पाना, ठरलेला जोर झाला की कळवणारा. “ओढा. हळू. आ बिस्ले.” म्हणजे थोडंसं. मी ओढला. काही झालं नाही. अजून थोडा. आणि ‘टक्’. हाताला आधी जाणवलं, मग ऐकू आलं. “बस. आता थांबा. यापुढे जोर नको.” तुम्ही हसला नाहीत, घाईही केली नाहीत. बाहेर दोन गाड्या खोळंबल्या होत्या.

मेस्त्री, त्या उतारावर ब्रेक दाबूनही गाडी ऐकत नव्हती, तेव्हापासून माझ्या हातापायांवरचा माझा विश्वास उडाला होता. घरी कोणाला बोलले नव्हते. तुम्हीही काही विचारलं नाहीत. तुम्ही फक्त पाना दिलात. आमच्या गावी पंक्चरच्या दुकानात बाईमाणसाला लांब खुर्ची देतात, “बसा ताई, होईल.” तेही प्रेमानेच असतं. पण चाकाजवळ कोणी बोलवत नाही.

पन्नास किलोमीटर झाल्यावर नट तपासायला आले, तेव्हा तुम्ही दुसऱ्या गाडीखाली होतात. तिथूनच हाताने पान्याकडे खूण केलीत. वीस नट मी एकटीने तपासले. लेक मोजत होती, “टक्, टक्,” आणि अकरानंतर चुकली. त्याचे पैसे विचारले तर तुम्ही चिडलात.

तुमच्या लोकांत एक म्हण आहे म्हणे, रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. आमच्या सातारी माणसाचंही फारसं वेगळं नाही, सासऱ्यांनी ताटातलं सगळं संपवलं की समजायचं. त्यामुळे तुमची माणुसकी वगैरे मोठे शब्द वापरून तुम्हाला अवघडवत नाही. परवा गायस्लिंगेनच्या घाटात बर्फ होता. तिसऱ्या गिअरवर, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून उतरले. मागून एकाने हॉर्न वाजवला. वाजवू दे.

आमचे उन्हाळी टायर तुमच्या मागच्या खोलीत आहेत, त्यावर खडूने माझं आडनाव तुम्ही तीन चुका करून लिहिलंय. ते तसंच राहू द्या. इस्टर झाल्यावर येते. चकल्या आणते, तिखट कमी घालून. आणि पाचवा नट माझ्यासाठी ठेवा.

तुमची,
पोलोवाली